डोक्याला मार लागला, पण तो तर व्यवस्थित बोलतोय!

मेंदू आणि मज्जारज्जूभोवती ड्युरा नावाचं जाड आवरण असतं. हे आवरण आणि हाड यांच्यामधल्या जागेत होणाऱ्या आजारांबद्दल या वेळची बहुतेक पत्रं आहेत.

प्रश्न : मुलगा १९ वर्षांचा. लालबागला दहीहंडीच्या सरावात थरावरून पडला, कानाच्या वर मार लागला. मिनिटभर शुद्ध नव्हती. मग उठला, वडापाव खाल्ला, मित्रांशी गप्पा मारल्या. दोन तासांनी उलट्या सुरू झाल्या, तेव्हा वडापावच बाधला असं वाटलं. त्याच रात्री ऑपरेशन करावं लागलं. आता बरा आहे. पण मधे इतका चांगला कसा होता?

कानशिलापाशी कवटीचं हाड पातळ असतं आणि त्याला आतून चिकटून एक धमनी जाते. हाड तडकलं की ती फाटते आणि रक्त ड्युराला हाडापासून सोलत पुढे सरकतं. कवटीच्या सांध्यांपाशी ड्युरा घट्ट चिकटलेला असल्यामुळे रक्ताला सहसा पसरता येत नाही, ते आत मेंदूकडे फुगतं. म्हणून सीटी स्कॅनमध्ये हाडाला टेकलेला, भिंगाच्या आकाराचा पांढरा भाग दिसतो. याला एक्स्ट्राड्युरल हिमॅटोमा म्हणतात.

सुरुवातीला मेंदूभोवतालचं पाणी आणि शिरांमधलं रक्त बाहेर सरकून गाठीला जागा करून देतं. तेवढा वेळ मुलगा हसतो-बोलतो. ही सोय संपली की पेशंट झपाट्याने खालावतो : गुंगी, एका डोळ्याची बाहुली मोठी, विरुद्ध बाजूचा हात-पाय लुळा. यात बरेचदा मेंदूला स्वतःला फारशी इजा नसते. त्यामुळे वेळेत गाठ काढली तर पोरं पूर्ण बरी होतात, तुमचा झाला तसा.

‘दमलाय, झोपू दे’ या वाक्याची मला धास्ती वाटते. झोपेने काही बिघडत नाही, पण शुद्ध हरपतेय हे झोपेत कुणाच्या लक्षात येत नाही. टेंगळाला हळद लावा, हरकत नाही. मात्र शुद्ध गेली असेल, उलट्या होत असतील किंवा डोकेदुखी वाढत असेल, तर १०८ला फोन करा आणि चोवीस तास सीटी व न्यूरोसर्जन असलेलं रुग्णालय गाठा. टाके घालायला कोपऱ्यावरच्या नर्सिंग होममध्ये तासभर घालवू नका.

प्रश्न : वडील ७८ वर्षांचे, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. तीन आठवड्यांपूर्वी बाथरूममध्ये घसरले. आता तोल जातो, विसरतात. हे तेच का?

वरच्या मुलाला झालं ते बहुधा नाही. म्हातारपणी ड्युरा हाडाला चिकटून बसतो, तिथे रक्त सहसा साठत नाही. ते ड्युराच्या आत, हळूहळू साठतं. सीटी आजच करा. गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करू नका.

प्रश्न : आई ५८ वर्षांची, मधुमेह आहे. दहा दिवस पाठ दुखतेय, अंगात ताप. मालिश केलं, शेकलं. कालपासून पायांना मुंग्या येतात, लघवी अडते.

हे वाचून होण्याआधी रिक्षा बोलवा. मणक्यात ड्युराबाहेर चरबी आणि शिरा असतात. गळू, पायाची जखम किंवा लघवीचा संसर्ग यांतले जंतू रक्तावाटे तिथे पोचतात आणि पू होतो. आधी पाठ, मग पायात कळा, मग अशक्तपणा, शेवटी दोन्ही पाय लुळे. पाय पूर्ण लुळे होऊन दिवस उलटला, तर ते परत येण्याची आशा फार कमी. ताप नसला तरी हा आजार असू शकतो. काँट्रास्ट (शिरेतून द्यायचं, चित्र स्पष्ट करणारं औषध) देऊन मणक्याचा एमआरआय हवा. पायातली शक्ती जात असेल तर ऑपरेशनने पू काढतात, शिवाय काही आठवडे अँटिबायोटिक.

मुंबईत अशा पाठदुखीमागे टीबीही असतो. तो सावकाश येतो : संध्याकाळी कणकण, घटतं वजन, कित्येक आठवड्यांची पाठदुखी. पू त्याच जागेत साठतो, पण टीबीत पाय लुळे पडूनही पुष्कळ जण औषधांनी चालू लागतात. हाडाच्या टीबीची औषधं साधारण वर्षभर लागतात. सहा महिन्यांनी बरं वाटतं म्हणून थांबवणारे पेशंट मला नेहमी भेटतात आणि मी त्यांना ओरडतो.

पूर्वी स्तन, फुप्फुस किंवा प्रोस्टेटचा कॅन्सर झालेल्यांनी नवी पाठदुखी, त्यातही रात्री आडवं झाल्यावर वाढणारी, लगेच दाखवावी. कॅन्सरची गाठ याच जागेत येऊन मज्जारज्जू दाबते.

प्रश्न : सुनेला बाळंतपणात एपिड्युरल देणार आहेत. त्या सुईने कंबर कायमची जाते ना?

नाही. एपिड्युरल म्हणजे बाळंतपणाच्या कळा कमी करायला ड्युराबाहेरच्या याच जागेत दिलेलं भुलीचं औषध. सुई कमरेत, मज्जारज्जू संपतो त्याच्या खाली देतात. कंबरदुखी एपिड्युरल न घेतलेल्या बाळंतिणींनाही तेवढीच होते. सुई ड्युराच्या आत गेली तर बसल्यावर डोकं दुखतं, आडवं झाल्यावर थांबतं. त्यावर उपाय आहे. रक्त पातळ करायचं इंजेक्शन चालू असेल किंवा प्लेटलेट कमी असतील, तर भूलतज्ज्ञांना आधी सांगा. पायांचा बधिरपणा काही तासांत उतरतो. उतरून पुन्हा आला किंवा वाढत गेला, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी नर्सला उठवा.