मेच्या सुट्टीत आई-बाबांना घेऊन आल्प्समध्ये कुठे चालावं?

राजगड, हरिश्चंद्रगड केलेत, मेमध्ये आई-बाबांसोबत स्वित्झर्लंडला जायचंय आणि एखाद-दोन दिवस डोंगरात चालायचंय, असं तुम्ही लिहिलंय. जागेआधी महिन्याचं बोलू, कारण घोळ तिथेच होतो. आपली सुट्टी मेमध्ये, पण आल्प्समधल्या दोन हजार मीटरवरच्या बहुतेक वाटा तेव्हा बर्फाखाली असतात. वर नेणाऱ्या कितीतरी केबल कारही देखभालीसाठी बंद. तारखा हलत असतील तर जूनअखेर किंवा सरळ सप्टेंबर गाठा (गणपती कधी आहेत ते बघून!).

हलत नसतील तर लाउटरब्रुनेन गावात मुक्काम करा. सपाट दरी, दोन्हीकडे सरळसोट कडे आणि बर्फ वितळत असल्यामुळे धबधबे ऐन भरात. गावाला लागूनच श्टाउबबाख जवळजवळ ३०० मीटरवरून कोसळतो. तिथून श्टेखेलबेर्ग गावापर्यंतची वाट आई-बाबा गप्पा मारत चालतील. मध्येच ट्र्युमेलबाख लागतो. हे धबधबे डोंगराच्या पोटात आहेत. आयगर, मोंख आणि युंगफ्राऊ या तीन शिखरांच्या हिमनद्यांचं पाणी तिथून खाली येतं. आत तुषार आणि गारठा, तेव्हा जॅकेट विसरू नका.

तिथल्या उन्हाळ्यात, म्हणजे जूनअखेर ते सप्टेंबरमध्ये गेलात तर मात्र मेनलिखेन ते क्लाइने शायडेग ही वाट चाला. केबल कारने वर मेनलिखेनला जायचं, मग दीडेक तास हलक्या उताराची रुंद वाट, समोर ती तिन्ही शिखरं आणि शेवटी रेल्वे स्टेशन. आई-बाबांना तिथे कॉफी घेत बसू द्या. तुम्ही गाडीने एक स्टेशन वर, आयगरग्लेचरला जा आणि आयगर ट्रेल धरा. आल्पिग्लेनपर्यंत साधारण ६ किलोमीटर, ७०० मीटरचा उतार, सगळा आयगरच्या उत्तर भिंतीखालून. ही भिंत पहिल्यांदा सर झाली ती १९३८ मध्ये. कोकणकडा आपण वरून, पोटावर पडून बघतो. इथे १८०० मीटरचा कडा खालून बघायचा, मान दुखेपर्यंत. आल्पिग्लेन त्याच रेल्वेमार्गावर आहे, त्यामुळे आई-बाबांना घेऊन खाली ग्रिंडेलवाल्डला उतरणारी गाडी तुम्हाला तिथेच पकडता येते. गुडघे कुरकुरत असतील तर काठ्या घ्या.

वाटेवरच्या पिवळ्या पाट्यांवर बहुधा अंतर नसतं, वेळ असते, आणि तीही न थांबता चालणाऱ्याची. फोटो काढणाऱ्यांनी दीडपट धरावी. पांढरा-लाल-पांढरा पट्टा म्हणजे डोंगरवाट. ती तुम्हाला जमेल. पांढरा-निळा-पांढरा दिसला तर त्या वाटेला जाऊ नका, पुढे दोराचं आणि हिमनदीचं काम असतं. वासरंवाल्या गाईंना लांबून वळसा घाला, लाडाने हात लावायला जाऊ नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर विजा होतात, म्हणून पहिल्या गाडीनेच निघा.

राहिलं युंगफ्राऊयोख, म्हणजे रेल्वेने गाठायची बर्फातली उंच खिंड. तिकीट सणसणीत आहे. सकाळी वेबकॅम बघा. वर ढग असतील तर माझ्या मते ते पैसे वाचवून सरळ चालायला जा.