पाच हजार बॉट पास झाले तरी एवढ्यात रिलीज करू नका

तुम्ही लिहिलंय की तिघांनी मिळून ऑनलाइन कॅरम बनवलाय, पंधरा दिवसांत प्ले स्टोअरवर टाकायचाय, के-सिक्सने (खोटी गर्दी सोडून सर्व्हर तपासायचं टूल) ५,००० बॉट, म्हणजे खोटे युजर, सोडून बघितले, सगळं हिरवं आलं, आता अजून काय तपासायचं. माझं मत विचाराल तर तुम्ही फक्त शहाण्या बॉटांवर टेस्ट केलीय, आणि शहाणी माणसं गेम खेळत नाहीत (मी पण त्यातलाच).

आधी माझी फजिती ऐका. जुन्या कंपनीत आमचा पत्त्यांचा गेम होता, लोड टेस्ट झकास पास. एका रात्री ऐन गर्दीत छोटासा अपडेट टाकला, सर्व्हर जेमतेम मिनिटभर बंद. तेवढ्यात सगळ्यांच्या फोनचं कनेक्शन एकदम तुटलं आणि प्रत्येक फोन दर सेकंदाला परत दार वाजवायला लागला, कारण तो रिट्रायचा, म्हणजे परत जोडून बघायचा, कोड आम्हीच तसा लिहिलेला. त्यात सेशन (कोण लॉगिन आहे त्याची नोंद) ठेवले होते सर्व्हरच्या मेमरीत, ते रिस्टार्टला पुसले गेले, म्हणजे प्रत्येकाचा पासवर्ड नव्याने तपासणं आलं. बीक्रिप्टचा (पासवर्ड मुद्दाम सावकाश तपासणारी पद्धत) कॉस्ट, म्हणजे किती मेहनत घ्यायची तो आकडा, १२ ठेवला की एका तपासणीला एक कोर साधारण पाव सेकंद अडकतो, म्हणजे चार कोरच्या मशीनवर सेकंदाला सोळा लॉगिन, आणि बाहेर हजारो लोक उभे. सीपीयू शंभरावर, 'जिवंत आहेस का' विचारणाऱ्या हेल्थ चेकला उत्तर जाईना, गर्दी मशीनांत वाटणाऱ्या लोड बॅलन्सरने ते मशीन मेलं समजून बाहेर काढलं, त्याची गर्दी शेजारच्यावर, मग तेही आडवं. टेस्टमध्ये आम्ही अर्ध्या तासात हळूहळू युजर वाढवलेले, पंगतीत एकेक पान वाढावं तसं. इथे अख्खी पंगत एकदम बसली.

म्हणून तुमची पहिली टेस्ट ही: पूर्ण लोड चालू असताना सर्व्हर मारा, परत उठवा, आणि घड्याळ लावून बघा किती वेळात सगळं जागेवर येतंय. बॉट थांबवायचे नाहीत. येत नसेल तर रिट्रायचा वेळ दरवेळी दुप्पट करा, त्यात थोडे रँडम सेकंद मिसळा, लॉगिनचं टोकन सर्व्हरच्या मेमरीऐवजी रेडिसमध्ये (वेगळा चालणारा वेगवान डेटा साठा) ठेवा, आणि लॉगिनला दारात रांग लावा.

दुसरं, ते ५,००० बॉट एकाच टेस्ट अकाउंटने येतात का? तसं असेल तर डेटाबेस एकच ओळ कॅशमधून (हाताशी ठेवलेल्या प्रतीतून) देतोय, त्या हिरव्याला काही अर्थ नाही. लाखभर खोटी अकाउंट बनवा, त्यांना जुने सामने, मित्रांची यादी द्या. काही बॉट अर्ध्या बोर्डावरून पळाले पाहिजेत, काहींनी 'कॉइन घ्या' बटण सहा वेळा दाबलं पाहिजे, आणि पैसे एकदाच कापले गेले पाहिजेत.

बॉट एकाच आयपीवरून येतात म्हणून तो आयपी रेट लिमिटमधून (एका आयपीवरून किती विनंत्या घ्यायच्या त्याची मर्यादा) वगळला असेल, सगळेच करतात, पण मग ती लिमिट तपासलीच नाही. मोबाइल डेटावर एका आयपीमागे कितीतरी गिऱ्हाईकं असतात, खरी माणसंच अडकतील. शिवाय एका लिनक्स मशीनवरून एकाच पत्त्यावर डिफॉल्ट सेटिंगमध्ये साधारण २८,००० कनेक्शन उघडतात, त्यापुढे एरर आले तर दोष लोड सोडणाऱ्या मशीनचा. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याची डिफॉल्ट मर्यादा १०० कनेक्शनची, ती बघितलीत का?

मोठ्यांचंही हेच होतं. १५ मे २०१२ ला डायब्लो ३ हा गेम आला तेव्हा एकट्याने खेळायलाही लॉगिन लागायचं आणि लोक एरर ३७ ('सर्व्हर बिझी आहेत') बघत बसले. पोकेमॉन गोला २०१६ मध्ये ठरवलेल्या टार्गेटच्या ५० पट ट्रॅफिक आला, वाईटात वाईट अंदाज होता ५ पटीचा. हेलडायव्हर्स २ ने फेब्रुवारी २०२४ मध्ये एकाच वेळी खेळणाऱ्यांवर साडेचार लाखांची मर्यादा घातली तर लोक जागा जाऊ नये म्हणून गेम चालू ठेवून झोपायला लागले, आपल्याकडे एसटीच्या सीटवर रुमाल टाकतात तसं. असा नुसता बसून राहणारा बॉट तुमच्या स्क्रिप्टमध्ये आहे का?

आणि हो, प्ले कन्सोलचं (प्ले स्टोअरवर ॲप टाकायची जागा) अकाउंट वैयक्तिक आणि नवीन असेल तर किमान १२ टेस्टर सलग १४ दिवस क्लोज्ड टेस्टमध्ये (निवडक लोकांपुरती चाचणी) लागतात, त्यानंतर प्रॉडक्शनसाठी, म्हणजे सगळ्यांना खुलं करायला, अर्ज. ते अजून सुरू केलं नसेल तर तुमचे पंधरा दिवस तिथेच गेले, तेवढ्यात सर्व्हर मारून बघा.