नुसती तोंडाची वाफ?

'मुलगी टीवायबीएस्सीला आहे, फिजिक्स, 71 टक्के. शास्त्रज्ञ व्हावी म्हणून पोटाला चिमटा काढून शिकवतोय. गेल्या विज्ञान दिनाला ती खोडदच्या दुर्बिणीपाशी स्वयंसेविका होती, तेव्हापासून "लोकांना विज्ञान सांगायचं काम करीन" म्हणते. ही नुसती तोंडाची वाफ. यंदा पाठवणार नाही. तिला संशोधनाकडे कसं वळवू?' – एक पालक, जुन्नर तालुका

नमस्कार.

मला 71 टक्क्यांची काळजी वाटली नाही. 'यंदा पाठवणार नाही' याची वाटली. पोरगी एका कामात रमली म्हणून तुम्ही तिला घरी बसवताय. अभ्यास बुडाला, असंही तुम्ही कुठे लिहिलेलं नाही. उद्या तिला काही आवडलं, तर ती तुम्हाला सांगेल का?

संशोधन जमलं नाही की माणूस विज्ञान सांगत फिरतो, हा समज आधी काढून टाका. जयंत नारळीकर स्वाक्षरी मागणाऱ्या मुलांना 'पोस्टकार्डावर प्रश्न पाठव' म्हणत आणि उत्तर लिहून पाठवत. 1988 मध्ये आयुका ही पुण्यातली खगोलशास्त्राची संशोधन संस्था सुरू करणाऱ्या माणसाला काय संशोधन जमत नव्हतं? खोडदचंच घ्या. ही रेडिओ दुर्बीण, म्हणजे आकाशातून येणाऱ्या रेडिओ लहरी टिपणारी. तबकडीसारख्या अँटेना 30, प्रत्येकीचा व्यास 45 मीटर. आकाशातून येणारा संदेश इतका क्षीण, की आसपासचा मोबाइल, विजेच्या तारेवरची ठिणगीसुद्धा त्यात खरखर मिसळते. शेजारच्या गावांना हे पटलं नाही, तर शास्त्रज्ञांनी ऐकायचं काय? आणि सांगणं सोपं नसतं हो. एखादं पोर विचारतं, 'तबकडी जाळीची आहे, मग लहरी गळून जात नाहीत?' छिद्रं सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरची आणि टिपायच्या लहरींतली आखूडातली आखूडही जवळपास वीतभर, म्हणून ती गळत नाही. फिजिक्स पक्कं असल्याशिवाय हे असं दोन वाक्यांत सुचत नाही.

म्हणून एमएस्सी तिने करावीच; त्यासाठी जॅम ही प्रवेश परीक्षा द्यावी. पुढे आयुका, खोडदची दुर्बीण चालवणारी एनसीआरए, मानखुर्दचं होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, मुंबईचं नेहरू विज्ञान केंद्र अशा ठिकाणी हे काम चालतं. हिंगोलीत औंढ्याजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया ही वेधशाळा उभी राहतेय; चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा कशासाठी, हे तिथल्या लोकांना मराठीत सांगणारं माणूस लागणारच. मात्र अशा जागा मोजक्या, बऱ्याचशा कंत्राटी, पगार बेताचा. हे तिला जरूर सांगा. पगाराची चिंता मला समजते, 'तोंडाची वाफ' समजत नाही.

तिला कसं वळवायचं, याचं उत्तर मी देणार नाही. पुढचं पत्र तिला लिहू द्या, तुम्ही न वाचता. आणि 28 फेब्रुवारीला तिच्याबरोबर खोडदला जा. गर्दीत मागे उभे राहा, ती काय सांगते आणि लोक काय विचारतात ते ऐका. मोबाइल तेवढा बंद ठेवा. का, ते तीच सांगेल.