एकाच बाजूची सर्दी आणि नाकात घाण वास : ऑपरेशनआधी वरची दाढ तपासून घ्या

तुमचा प्रश्न नीट वाचला. आईंचं वय ५८. आठ महिने फक्त उजव्या नाकपुडीतून पिवळा, घट्ट शेंबूड येतोय, घशात उतरतोय आणि त्याला घाण वास आहे. अँटिबायोटिकचे तीन कोर्स झाले. प्रत्येक वेळी थोडे दिवस बरं वाटतं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी सीटी पाहून दुर्बिणीचं ऑपरेशन सुचवलं आहे. त्याच बाजूच्या वरच्या पहिल्या दाढेचं बऱ्याच वर्षांपूर्वी रूट कॅनाल झालं होतं, पण दातांच्या डॉक्टरांनी छोटा एक्स-रे काढून "दाढ ठीक आहे" असं सांगितलं. आता ऑपरेशन करावं की दाढ काढून टाकावी, असं तुम्ही विचारता आहात.

यातलं काहीही ठरवण्याआधी त्या दाढेचा सीबीसीटी स्कॅन (दाढ सगळ्या बाजूंनी दाखवणारा दातांचा थ्रीडी स्कॅन) करून घ्या. मी दातांची डॉक्टर आहे, काम मुख्यतः रूट कॅनालचंच करते, आणि असे पेशंट माझ्याकडे नेहमी येतात. बहुतेक जण आधी पुष्कळ फिरून, पुष्कळ गोळ्या खाऊन आलेले असतात. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय निदान करता येत नाही. पण तुम्ही लिहिलेली लक्षणं वाचून दाढेवरचा संशय दूर झाल्याशिवाय मी तरी पुढे जाणार नाही.

वरच्या दाढांची मुळं आणि गालामागची, वरच्या जबड्याच्या हाडातली पोकळी, म्हणजे मॅक्सिलरी सायनस, यांच्यात अंतर फार थोडं असतं. कुणाच्या मुळावर दोन-चार मिलिमीटर हाड असतं, कुणाच्या नुसता पापुद्रा, आणि काहींच्या मुळाचं टोक नि सायनसचं अस्तर यांच्यामध्ये हाडच नसतं. दुसरी दाढ सायनसला सगळ्यात जवळची. पण त्रास देताना जास्त वेळा पहिली सापडते, कारण ती सहाव्या-सातव्या वर्षी तोंडात येते, तिला कीड लवकर लागते आणि आयुष्यभरात तिच्यावर उपचारही जास्त झालेले असतात. मुळाच्या टोकाशी पू झाला की जंतू हाड पोखरत अस्तरापर्यंत पोचतात. निरोगी असताना हे अस्तर एक मिलिमीटरहूनही पातळ असतं, ते सुजून जाड होतं. त्यात या पोकळीची रचनाच अवघड. पाण्याच्या टाकीला तोटी तळाशी न बसवता वर गळ्याशी बसवावी, तसं तिचं नाकात उघडणारं भोक वरच्या बाजूला आहे. एरवी अस्तरावरचे सूक्ष्म केस स्राव वर ढकलत नेतात म्हणून सगळं सुरळीत चालतं. सूज आली, भोक बुजलं की पू आतच साचतो.

वासाचं कारणही इथेच आहे. तोंडात, विशेषतः सडलेल्या मुळांत, हवेशिवाय वाढणारे जंतू असतात आणि तेच वर चढतात. साध्या सर्दीनंतर सायनस भरतो तेव्हा नाक चोंदतं, डोकं जड होतं, पण असा सडका वास सहसा येत नाही. हा वास पुष्कळदा फक्त पेशंटलाच येतो. घरचे म्हणतात, आम्हाला तर काही येत नाही, आणि बाईमाणूस असेल तर "उगाच काहीतरी मनात घेतलंय" इथपर्यंत बोलणं जातं. मला याचा फार त्रास होतो. आई वास येतो म्हणतात ना, मग तो येतोय असंच धरून चला.

जुन्या पुस्तकांत मॅक्सिलरी सायनसच्या सुजेपैकी १० ते १२ टक्के दातांमुळे, असं लिहिलेलं असायचं. सीटी स्कॅन सर्रास व्हायला लागल्यावरच्या काही अभ्यासांत हे प्रमाण ४० टक्क्यांपर्यंत गेलं, आणि एकाच बाजूचा त्रास असलेल्यांमध्ये त्याहूनही वर. खरं तर दात आणि सायनसचा संबंध वैद्यकाला काही आज पहिल्यांदा कळलेला नाही. नॅथॅनिएल हायमोर या इंग्लिश डॉक्टरने १६५१ साली या पोकळीचं वर्णन छापलं, त्यातच एका बाईची हकीकत आहे. वरचा दात काढल्यावर तिच्या खळगीतून सतत स्राव यायचा. तिने खळगीत चांदीची सळई घातली, मग पिसाची काडी घातली, ती आत जातच राहिली आणि मेंदूपर्यंत पोचली की काय म्हणून ती घाबरून गेली. एवढी जुनी ओळख असूनही आज दात एका दवाखान्यात आणि नाक दुसऱ्या दवाखान्यात, आणि दोघांनी एकच स्कॅन शेजारी बसून पाहिलाय असं क्वचित घडतं.

"दाढ दुखत नाही, म्हणजे दाढ चांगली" हा समज मात्र आधी सोडा. पुवाला वर सायनसमध्ये वाट मिळाली की दाब साठत नाही, आणि दाब नाही म्हणून ठणकाही नाही. शिवाय रूट कॅनाल झालेल्या दाढेतली नस आधीच काढलेली असते, तिला गार-गरम काय कळणार? याच्या उलटही होतं. साध्या सर्दीने सायनस भरला तरी त्या बाजूच्या दोन-तीन दाढा एकदम दुखतात, खाली वाकलं किंवा जिना उतरला की जास्त. अशा वेळी चांगल्या दाढेचं रूट कॅनाल करून बसलेले लोकही मी पाहिले आहेत.

म्हणून खुर्चीत बसवल्यावर पहिली दहा मिनिटं नुसती तपासणीत जातात. आधी चांगल्या बाजूने सुरुवात करायची, म्हणजे पेशंटला स्वतःचं नेहमीचं कसं वाटतं ते कळतं. आरशाच्या दांडीने एकेक दाढ हलकेच ठोकायची. सायनसमुळे दुखत असेल तर सगळ्या दाढा सारख्याच हुळहुळतात. दाढेचा दोष असेल तर बहुधा एकीलाच पेशंट डोळे बारीक करतो. मग गार केलेला कापूस प्रत्येक दाढेला लावायचा. ज्या दाढेला गार कळून लगेच ओसरतं, तिची नस जिवंत आहे आणि तिच्यावरचा संशय बराच कमी होतो. शेवटी बारीक सळईने हिरडीची खोली मोजायची. सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर आणि एकाच जागी सळई अचानक खोल गेली, तर मूळ उभं चिरलेलं असण्याची शक्यता मोठी. आईंची ही तपासणी झाली होती का, ते विचारा.

छोट्या एक्स-रेवरून "ठीक आहे" म्हणणाऱ्या डॉक्टरांना मी दोष देणार नाही. वरच्या दाढेची तीन मुळं, वरून गालाच्या हाडाची सावली, वर सायनसची किनार, हे सगळं एका सपाट चित्रात एकमेकांवर येतं. सीबीसीटीत तीच दाढ पातळ कापांमधून समोरून, बाजूने, आडवी अशी हवी तशी फिरवून बघता येते. पुढच्या गालाकडच्या मुळात पुष्कळदा नसेच्या दोन नलिका असतात. दुसरी इतकी बारीक असते की जुन्या रूट कॅनालमध्ये ती सुटून गेलेली असते. आडव्या कापात त्या मुळात एक पांढरा ठिपका दिसतो, ती भरलेली नलिका. तो मुळाच्या बरोबर मध्ये नसून एका कडेला सरकलेला असेल, तर शेजारी काहीतरी राहिलंय असं समजायचं, आणि नीट पाहिलं की तिथे काळी, रिकामी रेघ सापडते. तीच रेघ धरून काप वर सरकवत नेला की मुळाच्या टोकाभोवती काळं वर्तुळ, त्यावर सायनसच्या तळाचं हाड तुटलेलं किंवा वर उचललेलं, आणि नेमकं त्याच जागी अस्तर जाड झालेलं. हे एकदा पडद्यावर दाखवलं की पेशंटला मला वेगळं काही समजावून सांगावं लागत नाही.

तुमच्याकडे सायनसचा सीटी आहेच. त्याचा नुसता रिपोर्ट नको, सीडी घेऊन रूट कॅनाल तज्ज्ञाकडे जा. त्यात मुळं आलेली असतात, पण रिपोर्ट लिहिणाऱ्याला कुणी सांगितलं नसेल तर तो सायनसचंच लिहितो. रेडिऑलॉजिस्टला "उजव्या वरच्या पहिल्या दाढेची मुळं पाहून सांगाल का" असं विचारायला काहीच हरकत नाही. दाढेवर धातूची कॅप असेल तर चित्रात रेघा मारतात आणि सीटीत नीट दिसत नाही, म्हणून त्या दाढेपुरता छोटा सीबीसीटी वेगळा. अमेरिकेतल्या रूट कॅनाल तज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ साली या आजारावर स्वतंत्र निवेदन काढलं, आणि २०२१ मध्ये वेगवेगळ्या देशांतल्या कान-नाक-घसा आणि दंततज्ज्ञांनी मिळून निदानाबद्दल एकमताचं टिपण प्रसिद्ध केलं. सायनसमधली जंतूंची सूज नाकाच्या डॉक्टरांनी पक्की करायची, दाढेचा दोष दातांच्या डॉक्टरांनी, अशी त्यामागची भूमिका आहे. म्हणजे एकाने दुसऱ्याचं काम गृहीत धरायचं नाही.

आता उपचार. नलिका राहिलेली असेल आणि दाढ वर भक्कम असेल तर मायक्रोस्कोपखाली पुन्हा रूट कॅनाल करून ती वाचवता येते. काही वेळा मुळाचं टोक कापून त्या टोकाकडून सील करतात, पण सायनसच्या इतकं जवळ हे काम सराव असलेल्यानेच करावं. मूळ उभं चिरलं असेल तर मी स्पष्ट सांगते, दाढ काढा. तिथे पुन्हा रूट कॅनाल म्हणजे पैसे आणि महिने दोन्ही वाया. दाढेच्या मुळाचा तुकडा, इम्प्लांट किंवा रूट कॅनालचं भरण सायनसमध्ये गेलेलं असेल तर ते काढावंच लागतं. त्या भरणातल्या झिंकभोवती बुरशीचा गोळाही होऊ शकतो. तो गोळा अँटिबायोटिकने जात नाही, दुर्बिणीनेच काढतात.

ऑपरेशन नकोच, असं माझं म्हणणं नाही. दाढेचा उपचार झाल्यावर बऱ्याच जणांचा सायनस आपोआप मोकळा होतो, पण सगळ्यांचा नाही. राहिलेल्यांना दुर्बिणीचं ऑपरेशन लागतं आणि ते चांगलं काम करतं. आधी काय, यावर डॉक्टरांतही मतभेद आहेत. त्रास तीव्र असेल किंवा सायनस गच्च भरून भोक पूर्ण बंद असेल तर आधी ऑपरेशन हा निर्णयही योग्य ठरतो. माझा आग्रह एवढाच, की दाढेतलं मूळ कारण तसंच ठेवून फक्त सायनस साफ करू नका, त्रास परत येण्याची भीती मोठी आहे. आईंचा त्रास सहन होण्यासारखा असेल आणि स्कॅनमध्ये दाढच सापडली, तर मी आधी दाढ करेन, दोन-तीन महिने वाट पाहीन आणि मग नाकाच्या डॉक्टरांना पुन्हा दुर्बिणीतून पाहायला सांगेन. वास आणि पू त्याआधीच कमी व्हायला लागायला हवेत. हाड भरायला मात्र सहा महिने ते वर्ष लागतं, तेव्हा स्कॅन लवकर पाहून घाबरू नका.

अँटिबायोटिक सूज शांत करतं, मुळातला कचरा काढत नाही. तीन कोर्सनंतर जे झालं नाही ते चौथ्याने होणार नाही. मीठ-पाण्याने नाक धुवायला हरकत नाही, पाणी मात्र उकळून गार केलेलंच घ्या, नळाचं नको. नाक मोकळं करणारे थेंब आठवड्याच्या वर घालू नका.

दाढ काढायचीच ठरली तर "वरची दाढ काढली की नजर जाते" हे मनातून काढून टाका. डोळ्याच्या नसेचा आणि दाढेचा तसा काही संबंध नाही. काळजी घ्यायची ती वेगळ्याच गोष्टीची. मुळं सायनसमध्ये शिरलेली असतील तर दाढ निघताना तोंड आणि सायनस यांच्यात भोक पडू शकतं. चूळ भरली की पाणी नाकातून येतं, त्यावरून ते कळतं. दोन मिलिमीटरच्या आतलं भोक बहुधा रक्ताची गुठळी धरून आपोआप भरतं. मोठं असेल तर त्याच वेळी हिरडी ओढून टाके घालावे लागतात. त्यानंतर दोन आठवडे नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडं ठेवून द्यायची, स्ट्रॉने काही प्यायचं नाही, तंबाखू-मिश्री पूर्ण बंद. आपल्याकडे मिश्रीबद्दल डॉक्टर विचारत नाहीत आणि बायका सांगत नाहीत, म्हणून मुद्दाम लिहिते.

काही लक्षणं दिसली तर स्कॅनची अपॉइंटमेंट वगैरे विसरा आणि थेट मोठ्या हॉस्पिटलात जा. डोळ्याभोवती सूज, एकाचे दोन दिसणं, खूप ताप, मान आखडणं, गुंगी. गाल बधिर होणं, नाकातून रक्तमिश्रित स्राव येत राहणं किंवा काढलेल्या दाढेची जखम आठवडेच्या आठवडे न भरणं हेही अंगावर काढायचं नाही, कारण क्वचित सायनसचा कॅन्सर असाच सुरू होतो. आईंना मधुमेह असेल तर आणखी सावध राहा. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) जे पेशंट आले, त्यांच्यात कित्येकांच्या वरच्या दाढा एकदम हलायला लागल्या होत्या, टाळू काळा पडला होता. कोविड गेला तरी साखर बेफाम असलेल्यांना तो आजार आजही होतो आणि त्यात प्रत्येक दिवस मोलाचा असतो.

आणखी एक, दाढ काढण्याआधी आईंच्या सगळ्या औषधांची चिठ्ठी डॉक्टरांसमोर ठेवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या मनाने बंद करू नका. हाडं ठिसूळ झाली म्हणून वर्षातून एकदा शिरेतून किंवा सहा महिन्यांनी त्वचेखाली इंजेक्शन घेत असतील, किंवा आठवड्याची गोळी चालू असेल, तर ते आठवणीने सांगा. पुष्कळ बायका त्याला "कॅल्शियमचं इंजेक्शन" म्हणतात आणि दातांच्या डॉक्टरांना सांगायचं राहून जातं. या औषधांनी दाढ काढलेल्या जागेचं हाड क्वचित भरत नाही, त्यामुळे अशा पेशंटची दाढ काढण्याऐवजी वाचवण्याकडे आमचा कल असतो. सीबीसीटी झाला की त्या मुळाचा आडवा आणि उभा काप नाव झाकून इथे टाका, मी पाहून लिहीन.