सोफ्यावर स्टेन गार्ड मारून घ्यावं का?

प्रश्न: ताई नमस्कार, आम्ही गुहागरचे. यंदा फिकट रंगाचा कापडी सोफा घेतलाय आणि हॉलमध्ये गालिचा. गणपतीत मुंबईची सगळी मंडळी येतात, पोरंटोरं, चहा जेवण सगळं हॉलमध्येच. दुकानदार म्हणतो स्टेन गार्ड, म्हणजे कापडावर मारायचा डागरोधक फवारा, मारून घ्या डागच पडणार नाही, सासूबाई म्हणतात जुनी चादर टाक. काय करू?

उत्तर: दुकानदार अर्धंच सांगतोय. स्टेन गार्डने डाग थांबत नाही, तुम्हाला जरा वेळ मिळतो. अळूच्या पानावर पाणी राहतं तशी सांडलेली सोलकढी थेंब होऊन वर बसते, तेवढ्यात टिपलीत तर वाचली, कोणी त्यावर बसलं की गेलीच आत. आणि जिथे रोज बसाउठायचं तिथलं कोटिंग घासून आधी जातं. पैसे देण्याआधी सोफ्याच्या मागच्या बाजूला पाण्याचा थेंब टाकून बघा, तो तसाच वर राहिला तर कंपनीतूनच फिनिश आलंय, परत खर्च कशाला?

मारायचंच असेल तर आत्ता, आगोटीच्या आधी कडक ऊन आहे तोवर, खिडक्या उघड्या ठेवून, आणि पूर्ण सुकेपर्यंत मुलांना तिथे बसू देऊ नका. फ्लोरिन नसलेलं मिळालं तर तेच घ्या. स्कॉचगार्ड नावाचं स्टेन गार्ड बनवणाऱ्या थ्रीएम कंपनीने २००० साली त्यातलं जुनं फ्लोरिनवालं रसायन बंद करायचं जाहीर केलं, कारण ते निसर्गात नष्टच होत नाही, माणसाच्या रक्तातही सापडतं.

आपल्याकडे खरा घोळ हळदीचा. बांगड्याचं कालवण सांडलं की घाईने कपड्याचा साबण लावतात आणि पिवळा डाग लालभडक होतो, कारण हळद साबणाच्या खारामुळे रंग बदलते. तसं झालं तर घाबरू नका, साबण नीट निघाला की तो परत पिवळा होतो. आधी चमच्याने वरचं उचला, कोरड्या सुती फडक्याने बाहेरून आत टिपत या, घासायचं नाही. मग तेलासाठी भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब कोमट पाण्यात, तेही फडक्यावर घेऊन, आणि शेवटी साध्या पाण्याचं फडकं. राहिलेला पिवळेपणा उन्हाने उडतो, म्हणून चेन काढून कव्हर निघेल असाच सोफा घ्यावा असं मी सगळ्यांना सांगते. पण पाणी ओतू नका हो, पावसात फोममध्ये शिरलेलं पाणी आठ आठ दिवस सुकत नाही, डाग जातो आणि बुरशीचा वास राहतो.

लाल चिखलाचा पाय पडला तर ओलं पुसू नका, सुकू दे, मग ब्रशने झाडा. गालिचा मात्र मी पावसाळ्यात ठेवणारच नाही, कडक उन्हात घालून गुंडाळून वर ठेवा, गणपतीत सतरंजी बरी.

आणि सासूबाईंची चादर घाला नक्की, फक्त जाड सुती, दोन ठेवा म्हणजे एक वाळत असताना दुसरी घालता येईल.