दिवाळीत व्हिएतनाम: होई आन गाळावं का?

प्रश्न: दिवाळीच्या सुट्टीत आम्ही चौघं नऊ रात्रींसाठी व्हिएतनामला जाणार आहोत. हनोई, हालाँग बे, होई आन, सायगाव (हो ची मिन्ह सिटी) असा बेत आहे. सोबत सासूबाई, वय ६८, पक्क्या शाकाहारी. काही बदलावं का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर: होई आन गाळा. फोटोंतलं ते कंदिलांचं गाव ऑक्टोबर-नोव्हेंबरात कित्येकदा गुडघाभर पाण्यात असतं. आपला पाऊस परततो तेव्हा तिथला सुरू होतो, चेन्नईसारखाच. ईशान्येचा वारा समुद्रावरून बाष्प आणतो, ते त्रुओंग सोन डोंगररांगेला अडतं आणि ह्यूए ते होई आन पट्टा झोडपून निघतो. उत्तरेत मात्र तेव्हा हवा कोरडी, सुखद. म्हणून हनोई ३, हालाँगच्या बोटीवर १, हनोईच्या दक्षिणेला असलेलं निन्ह बिन्ह २ आणि विमानाने सायगाव ३ रात्री. वादळाचा इशारा आला की हालाँगच्या बोटी बंद ठेवतात, तेव्हा बोटीच्या दुसऱ्याच दिवशी विमान ठेवू नका. तिकीट जाताना हनोईचं, येताना सायगावहून काढा. रेल्वेने हे अंतर १,७२६ किलोमीटर आहे, तीसेक तास लागतात. सासूबाईंना घेऊन तो हट्ट नको.

ई-व्हिसा सरकारी संकेतस्थळावरूनच काढा: एकदा प्रवेशाचे २५ डॉलर. चूक होते ती नावात. आपल्या पासपोर्टात वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव बहुधा स्वतःच्या नावाला जोडून असतं, अर्ज भरताना ते राहून जातं. फोटोच्या पानावर तळाशी बाणांच्या चिन्हांच्या दोन ओळी असतात, त्यांतलं नाव जसंच्या तसं उतरवा. चूक निघाली तर नवा अर्ज, नवे पैसे.

जेवणाचं म्हणाल तर नुसतं ‘मांस नको’ म्हणून भागत नाही. ‘फो’ म्हणजे तिथलं नूडल्सचं सूप, त्याचं पाणी हाडांचं, आणि भाजीतही ‘नुओक माम’ म्हणजे माशाचा अर्क पडतो. ‘चाय’ शब्द लक्षात ठेवा (आपला चहा नव्हे!): पाटीवर ‘कोम चाय’ असेल तिथे बौद्ध पद्धतीचं शाकाहारी जेवण मिळतं. चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या दिवशी तिथले बरेच लोक मांस टाळतात, त्या दिवशी ही दुकानं भरलेली असतात.

आणखी एक. २० हजार आणि ५ लाख डोंगच्या नोटा दोन्ही निळ्या. टॅक्सीत रात्रीच्या उजेडात हमखास गोंधळ होतो. ५ लाखांच्या वेगळ्या कप्प्यात ठेवा.