जन्मदाखला : खिडकीवर जाण्याआधी

शाळाप्रवेशाचे दिवस जवळ आले की या सदराकडे जन्मदाखल्याची पत्रे वाढतात. त्यातली चार-पाच येथे घेतली आहेत.

माझ्या मुलीची प्रसूती मिरजेतल्या खासगी दवाखान्यात झाली. जावयांचे गाव खटाव तालुक्यात. तिथले ग्रामसेवक म्हणतात, आमच्याकडे नोंद नाही, दाखला मिळणार नाही. बाळ तर त्यांच्याच गावचे! काय करावे?
— एक आजोबा, पलूस

ग्रामसेवकांचे बरोबर आहे. बाळाचे गाव कुठले, यावर नोंद ठरत नाही. जन्म ज्या जागी झाला ती जागा ज्यांच्या हद्दीत, नोंद त्यांच्याकडे. मिरजेत जन्म झाला म्हणजे सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग. खटावचे गाव त्या नोंदीत येते, पण आईवडिलांच्या कायमच्या पत्त्यात.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याची आपली रीत असल्याने ही चूक घरोघरी होते. हद्दीचा घोटाळा शहरातही असतो. कऱ्हाडचे म्हणून आपण ओळखतो त्यातले काही दवाखाने प्रत्यक्षात मलकापुरात आहेत आणि मलकापूरची नगरपरिषद वेगळी आहे. साताऱ्यात 2020 ला हद्दवाढ होऊन शाहूपुरी नगरपालिकेत गेली. त्यामुळे तिथल्या जुन्या ग्रामपंचायतीच्या काळातल्या नोंदी शोधायच्या तर आधी नगरपालिकेत विचारा, दप्तर कुठे ठेवले आहे ते तिथेच कळेल.

दवाखान्यात जन्म झाला असेल तर नोंदीसाठी माहिती देण्याची जबाबदारी दवाखान्याची असते, घरच्यांची नव्हे. मुदत 21 दिवसांची. त्यासाठी नमुना क्रमांक 1 भरला जातो. डिस्चार्जच्या गडबडीत नर्स कागद पुढे करते आणि आपण न वाचता सही करतो. तो कागद थांबून वाचा. सर्वांत जास्त चुका आईच्या नावात होतात. केसपेपर माहेरच्या नावाने काढलेला असतो, तेच आडनाव फॉर्ममध्ये उतरते, आणि पाच वर्षांनी आधारवर एक आडनाव, दाखल्यावर दुसरे अशी गत होते. इंग्रजी स्पेलिंगही तिथेच आधारशी ताडून घ्या.

नोंद झाल्यावर सात दिवसांच्या आत पहिला दाखला विनामूल्य द्यायचा असतो. 2023 च्या दुरुस्तीने कायद्यात तसे स्पष्ट आले आहे. जादा प्रतींना शुल्क लागते. तेव्हा आधी दवाखान्यातून नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख लिहून घ्या. या दोन गोष्टी हातात असल्या की खिडकीवरचे काम पाच मिनिटांचे. नसल्या तर जन्मतारीख, आईचे नाव आणि दवाखान्याचे नाव सांगून शोध घ्यावा लागतो.

दवाखान्याने माहिती पाठवलीच नसेल तर मात्र दिवस मोजा. 21 ते 30 दिवसांत विलंब शुल्कावर काम होते. 30 दिवसांपुढे वर्षाच्या आत जिल्हा निबंधकांची लेखी परवानगी लागते. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांचा आदेश. एकतिसाव्या दिवशी जाणारा माणूस विनाकारण एक पायरी वर चढतो.

मुलीच्या दाखल्यावर नावाचा रकाना रिकामा आहे. ती आता चार वर्षांची आहे. शाळा दाखला घेत नाही.
— एक आई, सातारा

नोंद झाली तेव्हा बारसे झाले नसेल, एवढाच त्याचा अर्थ. नोंद पक्की आहे, फक्त नाव घालायचे राहिले आहे. बारा महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क घालता येते, त्यानंतर 15 वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. जिथे नोंद आहे तिथेच आईवडिलांनी अर्ज करायचा. सोबत जुना दाखला आणि दोघांचे आधार न्या. अंगणवाडीत किंवा लसीकरण कार्डावर जे नाव चालू आहे तेच द्या. घरात एक हाक आणि कागदावर दुसरे नाव असेल तर ते आधी घरात मिटवा. एकदा घातलेले नाव पुढे बदलायला गेलात तर उत्तर बहुधा 'नाही' असेच येते. गॅझेटमध्ये नावबदल छापून आला तरी जन्मनोंद आपोआप बदलत नाही.

वडिलांच्या नावात 'दत्तात्रय'ऐवजी 'दत्तात्रेय' पडले आहे. नवा दाखला मिळेल का?
— एक वाचक, कऱ्हाड

चूक दाखल्यात आहे की नोंदवहीत, हे आधी पाहून घ्या. मूळ नोंद दाखवा, अशी विनंती करा. नोंद बरोबर असेल आणि दाखला टाइप करताना चुकले असेल, तर दुसरी प्रत काढून काम संपते. नोंदच चुकली असेल तर निबंधक, म्हणजे जन्मनोंद ठेवणारे अधिकारी, खात्री करून दुरुस्ती करतात. तुमच्यासारख्या एका मात्रेच्या लेखनचुकीला वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, आधार आणि दवाखान्याचे कागद पुरतात. तारीख किंवा लिंग यांसारखी मोठी दुरुस्ती असेल तर प्रकरण माहीत असलेल्या दोन विश्वासू व्यक्तींचे लेखी निवेदन मागतात. जुनी नोंद खोडत नाहीत, तिच्या शेजारी समासात दुरुस्ती लिहून सही व तारीख घालतात. म्हणून खाडाखोड केलेली किंवा पांढरी शाई लावलेली नोंद कुठे दिसली तर ती संशयास्पद समजा.

वडिलांचा जन्म 1958 चा, तासगाव तालुक्यातला. दाखला कधी काढलाच नाही. त्यांचा पासपोर्ट काढायचा आहे.
— एक मुलगा, विटा

पासपोर्टपुरतेच काम असेल तर जन्मदाखल्याच्या मागे लागू नका. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा त्यानंतर जन्मलेल्यांनाच तो सक्तीचा आहे. त्याआधी जन्मलेल्यांना शाळा सोडल्याचा दाखला, पॅन कार्ड, वाहन परवाना असे पर्याय आहेत. एजंट हे सहसा सांगत नाहीत.

तरीही नोंद हवीच असेल, तर शोधायची पद्धत सांगतो. जन्म-मृत्यू नोंदणीचा सध्याचा कायदा 1969 चा आहे. त्याआधीच्या गावच्या नोंदी गाव नमुना 14 मध्ये, म्हणजे लोक ज्याला कोतवाल बुक म्हणतात त्यात सापडतात. ही दप्तरे तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात असतात. तिथे बाळाचे नाव सांगून उपयोग नाही, कारण त्या रकान्यात नुसते 'मुलगा' किंवा 'मुलगी' लिहिलेले असते. बापाचे नाव आणि गाव यावरून शोधा.

तारखेचाही भरवसा धरू नका. शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून लिहिलेली कित्येक मंडळी सांगली-सातारा या आपल्या दोन्ही जिल्ह्यांत आहेत. शाळेच्या तारखेच्या दोन वर्षे मागे आणि दोन वर्षे पुढे, असा शोध मागा. नोंदी जन्माच्या नव्हे, नोंदवल्याच्या तारखेने लागलेल्या असतात. डिसेंबरअखेरचा जन्म पुढच्या जानेवारीच्या पानावर सापडू शकतो. आणि कागदावर जिल्हा 'दक्षिण सातारा' दिसला तर दचकू नका. सांगली जिल्ह्याचे 1949 ते 1960 या काळातले नाव तेच होते. ती चूक समजून दुरुस्तीचा अर्ज घेऊन येणारेही असतात!

शोधूनही नोंद निघाली नाही तर 'नोंद आढळली नाही' असे अनुपलब्धता प्रमाणपत्र (नमुना 10) घ्या. विलंबाने नोंद करण्याची सुरुवात त्यानेच होते. आदेश जिल्हाधिकारी, प्रांत (उपविभागीय अधिकारी) किंवा त्यांनी अधिकार दिलेले कार्यकारी दंडाधिकारी काढतात. पूर्वी हे काम प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे होते. मार्च 2025 च्या शासन निर्णयानंतर तपासणी कडक झाली असून पोलिसांमार्फतही चौकशी होते. शाळेच्या प्रवेश-निर्गम नोंदवहीच्या उताऱ्यासारखे जुने पुरावे जोडा, आणि प्रतिज्ञापत्रात आठवणीतली नव्हे, कागदावर दिसणारी तारीखच लिहा. कागदांत तफावत दिसली की अर्ज तिथेच अडतो.

आदेश हातात पडला म्हणजे दाखला मिळाला असे नव्हे. तो जन्मस्थळाच्या निबंधकाकडे नेऊन नोंद करून घ्यावी लागते. कित्येकांचा आदेश कपाटातच राहतो.

आमच्या रानात ऊसतोडीच्या टोळीतल्या एका बाईचे बाळंतपण कोपीवरच (टोळीच्या झोपडीतच) झाले. ते लोक बीडकडचे. नोंद कुठे?
— एक शेतकरी, वाळवा तालुका

तुमच्याच ग्रामपंचायतीत. घरी जन्म झाला तर कुटुंबप्रमुखाने माहिती द्यायची असते. बाळाचे वडील आणि मुकादम यांना घेऊन 21 दिवसांच्या आत ग्रामपंचायतीत जा. आशाताईंना आधी कळवा, त्यांच्या नोंदीचा आधार होतो. कायमचा पत्ता मात्र बीडचा लिहा. टोळी हलण्याआधी दाखल्याची प्रत त्यांच्या हातात द्या, नाहीतर पुढच्या हंगामात एका कागदासाठी त्यांना तुमच्या गावात हेलपाटा पडेल. रुग्णवाहिकेत वाटेतच जन्म झाला असता, तर गाडी पहिल्यांदा जिथे थांबली तिथे नोंद झाली असती.